सहा फुटांचा समुद्र

"पंचवीस हाये," असं सर म्हणाले की समजायचं, सगळं ठीक आहे.

कळमनुरीत रस्त्यात भेटलेली माणसं एकमेकांना पिकाचं विचारतात, पाण्याचं विचारतात, लेकरांचं विचारतात. सरांना कुणी "काय सर, कसं काय?" विचारलं की ते छत्री काखेत धरून गंभीरपणे सांगायचे, "पंचवीस हाये." नव्या माणसाला वाटायचं, हा पन्नाशीचा गृहस्थ वय चोरून राहिला. पण तो आकडा त्यांच्या घरातल्या खाऱ्या पाण्याचा होता. हायड्रोमीटर नावाची काचेची नळी पाण्यात सोडायची, ती जिथवर बुडेल तिथला आकडा वाचायचा. समुद्राच्या पाण्याला एक पूर्णांक शून्य पंचवीस यायला हवा. सर आधीचं सगळं गाळून नुसतं पंचवीस म्हणायचे. सव्वीस झालं की त्या दिवशी वर्गात कुणाची धडगत नसे.

ते आम्हाला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. मूळ गाव डोंगरकडा. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, जिला सगळं गाव आक्का म्हणायचं. लग्नाचा विषय निघाला की आक्का हातातलं काम न थांबवता सांगायची, "पोरीकडचे यायचे. ह्यो बापू त्यांच्यापुढं पोहे यायच्या आधी मासे दाखवायचा. मंग कोण देतंय पोरगी?"

"पोहे गार होतात आक्का, मासे न्हाई," सर म्हणायचे.

आमच्या भागातून समुद्र म्हणजे एसटीचा एक दिवस आणि एक रात्र. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी तो कॅलेंडरवर पाहिलेला. अशा ठिकाणी सरांनी नव्वदच्या दशकात तीन फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी उभी केली होती. तिच्यात दगड होते, दगडांवर बटणांसारखे उघडझाप करणारे मऊ प्रवाळ होते, आणि मधोमध एक समुद्रफूल. ते फूल म्हणजे प्राणी, हे सर आल्यागेल्याला सांगत. त्याच्या बोटांसारख्या हलणाऱ्या पाकळ्यांत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे राहत. कठीण प्रवाळ मात्र त्यांनी ठेवले नाहीत. कुणी आणून देतो म्हणालं तर ताडकन म्हणायचे, "कायद्यानं मनाई हाये. आन ती मनाई बराबर हाये. समुद्र दाखवायचा म्हणून समुद्र उपटायचा काय?"

टाकीवर एक पाटी होती: 'खाऊ घालू नये. प्रश्न विचारावेत.'

हे सगळं कशासाठी, असा प्रश्न मी एकदा विचारला होता. मला वाटलं, छंद आहे म्हणतील आणि मग मी त्यांना छंद या गोष्टीवर चार शब्द सुनावीन. त्या वयात मला सगळ्यांना चार शब्द सुनवायचे असत. सर म्हणाले, "नोकरी नवी होती तव्हाची गोष्ट. पुस्तकातलं समुद्रफुलाचं चित्र फळ्यावर काढून राहिलो होतो. पुसेगावकडच्या एका पोरानं विचारलं, 'सर, तुमी पाह्यलं काय हे?' मी म्हणलं, 'व्हय.' पाह्यलं होतं ते फॉर्मलिनच्या बाटलीत. मेलेलं. पोराला वाटलं, जितं पाह्यलं. मी त्याला तसंच वाटू दिलं." मग ते म्हणाले, "एक व्हय खरं करायला मला सात वर्षं लागली. तव्हर ते पोरगं बारावी होऊन पुण्याला कंपनीत लागलं."

माझे बाबा पायानं चालणारं छोटं छपाईयंत्र चालवायचे. पोटासाठी लग्नपत्रिका, आणि मनासाठी पत्रकं. विहारातल्या सभेची, शिष्यवृत्तीच्या मोर्चाची, मजुरीच्या दराची. मी अक्षरं शिकले ती छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवर, उलटी. आमच्या घरात एकच नियम दगडासारखा होता: पत्रकात चूक झाली तर दुरुस्ती छापायची, आणि चूक ज्या ठिकाणी वाटली त्याच ठिकाणी उभं राहून वाटायची. बाबा म्हणायचे, "चूक चौकात आन माफी घरात, असं चालत न्हाई."

सरांची आणि बाबांची दोस्ती जमली ती टाकी मोठी करताना.

समुद्रफूल वाढलं आणि एक दिवस आपोआप दुभंगून एकाची दोन झाली. तीन फुटांत ती एकमेकांना भिडायला लागली. त्यात भारनियमन वाढलेलं. लहान टाकीचं पाणी तासाभरात तापायचं. सरांनी सहा फुटांची टाकी करायची ठरवली. "मोठ्या पाण्यात चूक पचते," ते म्हणायचे. "लहान पाणी लगेच रागावतं."

टाकी बनवली ती हिंगोलीच्या एका काचवाल्यानं, ज्यानं जन्मभर मिठाईच्या दुकानांचे काउंटर बनवले होते. त्यानं सवयीनं पुढच्या काचेला सरकतं दार ठेवलं. सर ते बघून ओट्यावरच बसले. "अहो, बर्फी ठेवायची न्हाई हिच्यात!"

"मग मासे काढणार कुठून, सर?" काचवाला खरोखर गोंधळला होता.

काच बदलली. तळाशी नळीसाठी भोक पाडून झालं. मग महिनाभर ती टाकी माशांशिवाय चालवली. निळ्या पिंपांत मुंबईहून आलेलं समुद्री मीठ विरघळवायचं, टाकीत ओतायचं, थोडे दगड ठेवायचे आणि वाट बघायची. लोक येऊन विचारत, "सर, मासे कव्हा येणार?" सर म्हणत, "आधी पाणी मुरू द्या." आक्का आतून म्हणे, "लोणचं घालून राहिला बापू."

स्थलांतराच्या दिवशी गल्ली जमली. उरलेले दगड ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून हातोहात नेले. त्यात बाबांचं एक जुनं पत्रक निघालं, तर बाबा खुश: "बघा, चळवळ समुद्रापर्यंत गेली!" जुनं अर्धं पाणी नव्या टाकीत गेलं. मासे आणि दोन्ही समुद्रफुलं तेवढ्यापुरती एका पिंपात ठेवली, आणि नेमकी वीज गेली. हवा सोडणारी मोटर बंद. तेव्हा बाबांनी सायकलचा पंप आणला, नळी पिंपात सोडली आणि दट्ट्या मारायला लागले. बाबांच्या मागं काचवाला, त्याच्या मागं गल्लीतली कौसाबाई पदर खोचून. चार तास आळीपाळीनं माणसांनी माशांना हवा दिली. घामाघूम कौसाबाई म्हणाली, "सर, माझ्या बाळंतपणात बी एवढी माणसं नव्हती."

संध्याकाळी वीज आली. मासे नव्या घरात सोडले. ते सहा फुटांच्या टोकापर्यंत गेले, काचेला तोंड लावून परत आले, आणि फुलात शिरले. सरांनी पाण्याच्या पातळीला काचेवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि नळी सोडली. मग आमच्याकडं वळून दोन्ही हात जोडले. "पंचवीस हाये."

पुढचा उन्हाळा वाईट आला. विहिरी गेल्या, टँकर लागला. टँकरची नळी बघून बायका धावायच्या, भांडी एकमेकांना लागून फुटायची. मी वीस वर्षांची होते. सरांच्या पुढच्या खोलीत रस्त्यावरून दिसेल असं सहाशे लिटर पाणी लखलखत होतं. मला झोप येईना. मी पत्रक लिहिलं, स्वतः जुळवलं, स्वतः छापलं, आणि बाजारच्या दिवशी वाटलं. मथळा होता: 'माणसं तहानलेली, मासे पोहताहेत!' आत लिहिलं होतं की एक शिक्षक रोज सहाशे लिटर पाणी दोन माशांवर उधळतो.

दुसऱ्या दिवशी सर पत्रक घेऊन आमच्या दारात. मी भांडायच्या तयारीनं बाहेर आले. त्यांनी कागद पुढं केला. लाल शाईनं तपासला होता. 'रोज' खोडून वर 'एकदाच' लिहिलेलं. खाली शेरा: 'भाषा उत्तम. गणितात नापास.'

"ये पत्रकवाली," ते म्हणाले, "पाणी बघायला ये."

त्यांनी मला पेन्सिलीची रेघ दाखवली. टाकीतलं पाणी तेच राहतं. उन्हानं रोज बोटभर उडून जातं तेवढंच भरायचं. आणि त्यासाठी टँकरचा थेंबही ते घेत नव्हते. मागच्या खोलीत अकरा मोठे कॅन ओळीनं उभे होते, पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेल्या पाण्याचे. "बोअरचं कामून न्हाई चालत?" मी विचारलं. सर म्हणाले, "पाणी उडून जातं, त्यातलं बाकी सगळं खाली राहतं. आपल्या बोअरमधी क्षार हायेत, शेतातलं खत हाये. रोज थोडं थोडं साचत जातं. पावसाच्या पाण्यात काहीच नसतं. म्हणून ते."

पुढच्या बाजारी मी त्याच जागी उभी राहून दुरुस्ती वाटली. पहिलं पत्रक लोकांनी झडप घालून घेतलं होतं. दुरुस्तीत भजी बांधली गेली. पण सरांनी एक प्रत मागून घेतली आणि पाटीशेजारी चिकटवली.

पंधरवड्यानं आक्काच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं. नांदेडला तीन आठवडे राहावं लागणार होतं. सरांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. बाबाही चकित झाले. सर म्हणाले, "जी पोरगी आपली चूक छापून वाटते, तिच्याकडं किल्ली द्यायला काय हरकत हाये?"

भिंतीवर सूचना लिहिल्या होत्या. खाणं किती. वीज गेली तर नवा इन्व्हर्टर, तो संपला तर सायकलचा पंप. आणि खाली दोनदा रेघ ओढून: पाणी फक्त कॅनमधलं.

पहिला आठवडा नीट गेला. मग टँकर बिघडला. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. हातपंप कोरडा. गल्लीत सरांच्या घरामागची बोअर तेवढी थोडी चालायची. धुण्याभांड्याला लोक ते पाणी घ्यायचे, आता प्यायला लागले. लेकरांची पोटं बिघडली. कौसाबाईचा दोन वर्षांचा नातू उलट्या करकरून मलूल पडला. डॉक्टर म्हणाले, चांगलं पाणी पाजा. कौसाबाई मला म्हणाली, "कुठून पाजू, बाई? तूच सांग." तिनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. तिला कॅनचं माहीतही नव्हतं.

माझ्या हातात किल्ली होती.

आठ कॅन उरले होते. मी दार उघडलं आणि बायकांना बोलावलं. घरटी एक हंडा. एक कॅन मागं ठेवावा असं मनात आलं. मग मीच मला म्हणाले, माशांसाठी राखीव? आणि तोही दिला. नांदेडचा फोन नंबर माझ्याजवळ होता, चौकात फोनबूथ होता. मी फोन केला नाही. सर नको म्हणाले असते तर मला त्यांचं ऐकायचं नव्हतं, आणि त्यांचा शब्द मोडायचाही नव्हता. म्हणून विचारलंच नाही. त्याला मी तेव्हा निर्धार म्हणत होते.

टँकर दोन दिवसांनी आला, पण त्यात आमच्या वाट्याला दोन घागरी. टाकीत मी बोअरचं पाणी ओतत राहिले. रोज एक बादली, पेन्सिलीच्या रेघेपर्यंत. चार दिवस काही झालं नाही. मोठ्या पाण्यात चूक पचत होती. मग प्रवाळांची बटणं उघडेनाशी झाली. एक फूल मिटलं, आक्रसलं, पिशवीसारखं लोंबलं. मासे त्याच्याभोवती घिरट्या घालत होते, आत शिरायला जागा शोधत होते. एके सकाळी दार उघडलं तर वास आला. ते फूल विरघळून गेलं होतं, सगळं पाणी दुधाळ. मोटर चालू होती, तरी मी सायकलचा पंप घेतला आणि दुपारपर्यंत एकटीनं दट्ट्या मारला. एक मासा कडेला आडवा होऊन श्वास घेत होता. दुसरा त्याला तोंडानं ढकलत होता. दुपारी दोघंही थांबले. दोन दिवसांत दुसरं फूलही गेलं.

सर तिसऱ्या दिवशी आले. जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली, कारण आत वळत नव्हती. आक्काला बायकांनी धरून आणलं. सर मागून, जरा वेळानं आले. चप्पल काढली. टाकीसमोर उभे राहिले. मग सवयीनं नळी घेतली आणि पाण्यात सोडली.

"पंचवीस हाये," ते हळू म्हणाले.

आकडा बरोबर होता आणि आत काहीच जिवंत नव्हतं.

काचेवर, पेन्सिलीच्या रेघेशी, पांढरा थर जमला होता. आमच्याकडं बोअरच्या पाण्याच्या प्रत्येक बादलीला असतो तसा. सरांनी तो नखानं खरवडला. माझ्याकडं न बघता विचारलं, "कॅनमधलंच टाकलं ना?"

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. कौसाबाईचा नातू, पाच दिवस, आठ कॅन. मी कुणाला न घाबरता सभेत बोललेली, पोलिसांसमोर घोषणा दिलेली पोरगी. मी म्हणाले, "व्हय सर."

त्यांनी मान हलवली. "वीज लई गेली का?"

"लई गेली, सर."

"मंग विजेनंच," ते म्हणाले.

गावात जो कुणी भेटेल त्याला त्यांनी हेच सांगितलं. बाबांनाही हेच. बाबांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, पण सरांचा शब्द मानला. त्यानंतर सरांच्या तोंडून पंचवीस ऐकलं नाही. "कसं काय सर?" विचारलं की म्हणायचे, "ठीक." सगळे म्हणतात तसं. ते ऐकून मी दुसऱ्या रस्त्यानं जायला लागले.

त्या पावसाळ्यात त्यांनी काचवाल्याला बोलावून टाकी बाहेर ओट्यावर काढली. आठ-दहा वेळा धुतली. तळाच्या भोकाला पितळी तोटी बसवली, उन्हानं शेवाळ धरू नये म्हणून चहूबाजूंनी गोणपाट शिवलं. पत्र्याचं पाणी नवीन कॅनमध्ये साठवलं, या वेळी वीस. उन्हाळा लागताच टाकी भरून ठेवली. कुणीही यावं, पाणी प्यावं, तांब्या भरून न्यावा. आक्का बरी झाली होती. ओट्यावर बसून ती गोणपाटावर पाणी मारायची आणि येणाऱ्याला म्हणायची, "प्या. मासे न्हाईत आता."

मी एकदा तिथं पाणी प्यायले. गोणपाट एका कोपऱ्यात उसवलं होतं. आत काचेवर पेन्सिलीची रेघ तशीच होती, आणि तिच्यावरचा पांढरा डाग. सर शेजारी उभे होते. म्हणाले, "लई घासला. जात न्हाई." मी तांब्या खाली ठेवला. ते तसेच उभे राहिले. मला आता कळतं, ते जाण्याची घाई करत नव्हते. मी केली.

असे दोन उन्हाळे गेले. तिसरा लागायच्या आत सर गेले. वर्गात फळ्यावर चित्र काढताना छातीत दुखलं.

त्यांच्या ओट्यावर सगळे बसले होते. कौसाबाई रडत होती. तिचा नातू तिच्या मांडीवर, आता चांगला ठणठणीत. ती म्हणाली, "देवमाणूस. जीपमधून उतरले तव्हाच मी पाय धरले. म्हणलं, सर, तुमच्या कॅनच्या पाण्यानं माझं लेकरू वाचलं. तर कसे बघत राहिले. म्हणाले, 'कोणतं पाणी?' मी सांगितलं, पोरीनं वाटलं ते. तर म्हणाले, 'हां, हां. मीच सांगून गेलतो तिला.'"

मी तिला पुन्हा विचारलं, कधी म्हणाले? घरात यायच्या आधी की नंतर?

"आधी, बाई. गल्लीच्या तोंडाशी."

म्हणजे ते दारात आले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. फोन केला असता तर ते काय म्हणाले असते, हेही त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच सांगून टाकलं होतं. कॅनचं विचारलं ते पाण्यासाठी नव्हतं. मी पुन्हा एकदा त्याच जागी उभी राहून दुरुस्ती वाटीन, असं त्यांना वाटलं होतं. एका 'व्हय'चं ओझं सात वर्षं वाहिलेला माणूस मला ते उचलू नको म्हणून हात पुढं करत होता.

पाणी वाटलं त्याची मला लाज नाही. उद्या तशीच वेळ आली तर आठच्या आठ कॅन पुन्हा वाटीन, आणि त्या मेलेल्या माशांसाठी पुन्हा रडेन. पण टाकी विजेनं गेली नाही. ती मी घालवली. हे मी आज लिहिते आहे, छापूनही आणीन, बाजारच्या दिवशी चौकात उभी राहून वाटीनही.

तरी बाबांचा नियम पाळला जाणार नाही. चूक जिथं दिली तिथंच दुरुस्ती द्यायची असते. ही चूक मी चौकात वाटली नव्हती. एका माणसाला दिली होती, टाकीसमोर, त्याची पाठ माझ्याकडं असताना.